रबरी चाकूचे दिवस

६ फेब्रुवारी, सोमवार

आज सकाळी अकरा पोलीस मारले. जेवणाच्या आत! चाळीस वर्षं नारिन गावच्या रंगमंचावर घालवली. खान झालो, चोर झालो, एकदा तर घोड्याचा मागचा भाग झालो. पण एका सकाळी इतकी माणसं मारायची संधी आजवर कुणी दिली नव्हती.

गावाबाहेरच्या पोलीस प्रशिक्षण केंद्रात चार आठवड्यांचा वर्ग आहे. बळ कधी वापरायचं, किती वापरायचं आणि कुठे थांबायचं, सगळं कायद्यात बसवून. त्यासाठी त्यांना एक खोटा गुन्हेगार हवा होता. शिकवणारी कॅप्टन झूरा. पंचेचाळिशीची, ठेंगणी, आवाज कधी न चढवणारी. तिने माझ्या हातात रबरी चाकू ठेवला. धारेला लाल खडू चोळलेला, म्हणजे ज्याला लागेल त्याच्या गणवेशावर रेघ उमटते. "मंबेट-बाइके, तुम्ही शेजाऱ्यावर चिडलेले आहात. बाकी तुमचं तुम्ही बघा," एवढंच म्हणाली. दिग्दर्शकाने इतकं कमी बोलावं ही माझी जन्माची इच्छा आज पुरी झाली.

मी कोटात चाकू लपवला, काठी टेकत आत गेलो. पांढरी दाढी आत येतेय म्हटल्यावर सगळे ताडकन उभे. मी हात पुढे केला. पहिल्याने तो दोन्ही हातांत घेतला, मान लववली, तब्येत विचारली, गुरंढोरं कशी आहेत विचारलं. मी दुसऱ्या हाताने त्याच्या पोटात चाकू घातला. दुसऱ्याने हे पाहिलं, आणि तरीही सलाम केला. तोही मेला. पाचव्यापर्यंत सगळ्यांना कळलं होतं की म्हाताऱ्याकडे चाकू आहे. पण अंगाला हात लावायची एकाची प्राज्ञा नाही. "अता, असं करू नका," म्हणत म्हणत एकेक जण गेला. पोरं मला अता म्हणतात, स्वतःच्या बापाला म्हणावं तसं; झूरा बाइके म्हणते, थोरल्या भावाला म्हणावं तसं.

झूरा हसली नाही. लाल रेघांच्या त्या अकरा जणांना खाली बसवलं आणि विचारलं, तुमच्यापैकी किती जणांना मुलं आहेत. आठ हात वर झाले. तिने ते मोजले आणि जेवायला सोडलं.

८ फेब्रुवारी

आज झूरा स्वतः माझ्यासमोर उभी राहिली. मी मनात म्हटलं, बाई माझ्या खांद्यालाही लागत नाही, हिचं काय होणार!

तिने आधी आमच्या दोघांत एक टेबल येईल अशी जागा धरली. तळहात उघडे, माझ्याकडे. म्हणाली, "बाइके, मी झूरा. पोलीस. चाकू जमिनीवर ठेवा. नाही ठेवलात तर मी तुमचा हात धरणार आहे, आणि दुखेल." मग थांबली. खरंच थांबली. मला ठेवायला वेळ दिला. नाटकात असा थांबा घ्यायला जिगर लागते, प्रेक्षक खोकायला लागतात. मी धावून गेलो तशी ती बाजूला झाली. मनगट कधी पकडलं, मी गुडघ्यावर कधी आलो, चाकू कुठे गेला, काही कळलं नाही. मी अंग सैल सोडलं त्याच क्षणी तिची पकडही सैल झाली. मला कुशीवर वळवलं, श्वास नीट येतोय का विचारलं, खांदा चाचपून पाहिला. मी जमिनीवर पडलेलो असताना माझ्याशी इतक्या अदबीने आजवर कुणी बोललं नव्हतं. बायकोसुद्धा नाही, देव तिला शांती देवो.

नंतर प्रत्येकाने जे पाहिलं ते एका पानावर लिहायचं होतं. नऊ जणांनी लिहिलं, "योग्य ती कारवाई करण्यात आली." झूराने नऊ पानं फाडली. कोणती कारवाई? कुणी केली? कोणत्या हाताने? ज्याला घडलेलं नीट सांगता येत नाही त्याने हात उचलू नये, असं तिचं म्हणणं. चार वाजेपर्यंत सगळे माना खाली घालून लिहीत होते. मला ही बाई आवडली. वर्तमानपत्रातल्या नाट्यसमीक्षकांना हिच्या हाताखाली घालायला हवं होतं.

१० फेब्रुवारी

वर्गात एक एल्दियार आहे. सव्वीस वर्षांचा, दाराएवढा रुंद, कुस्तीत कान चुरगळलेले. दुसऱ्या पोलिसांना तो चेंडूसारखा उचलतो. मी समोर आलो की त्याची मेंढी होते. आतापर्यंत माझ्या हातून तीसेक वेळा मेला असेल.

आज चहाच्या वेळी माझ्या शेजारी येऊन बसला. ब्रेडचा तुकडा नुसता चुरत होता. त्यानेच सांगायला सुरुवात केली. गेल्या शरद ऋतूत वरच्या एका गावात गवताच्या गंजीवरून भांडण झालं. हा आणि याचा सोबती गेले. म्हातारा विळा घेऊन उभा. एल्दियारने छातीवर हात ठेवून आधी सलाम केला, खुशाली विचारायला लागला, आणि तेवढ्यात म्हाताऱ्याने सोबत्याचं पोट फाडलं. सोबती वाचला. पण नोकरी गेली, आणि तो याच्याशी बोलत नाही.

"त्याची बायको मला रस्त्यात दिसली की फूटपाथ बदलते. बरोबरच आहे तिचं," म्हणाला. मग म्हणाला, "डोकं सांगतं, अता. हात ऐकत नाही."

४ मार्चला परीक्षा. नापास झाला तर गणवेश उतरवणार. पण त्याला भीती त्याची नाही. पुढच्या वेळी अजून कुणाचं पोट फाटेल, याची आहे. तसं त्याने सांगितलं नाही, मला दिसलं.

१३ फेब्रुवारी

एल्दियार आज सात वेळा मेला.

१५ फेब्रुवारी

अनारा आली होती. माझी एकुलती एक लेक. शेवया लाटून दिल्या, भांडी घासली, माझ्या कोटाचं बटण लावलं. स्वयंपाकघरात चूल धडधडतेय, आणि हिच्या गळ्याला हनुवटीपर्यंत शाल. काय झालं म्हटलं तर बर्फावरून घसरले म्हणाली. मी पुढे विचारलं नाही.

का नाही विचारलं? भीती वाटली, दुसरं काय. चार वर्षांपूर्वी तिचं लग्न झालं तेव्हा आपल्याकडे सगळे बाप म्हणतात तेच मीही म्हणालो होतो, दगड जिथे पडला तिथेच जड, लेक जिथे दिली तिथेच बरी. पहिल्या वर्षी ती एकदा रडत परत आली होती तेव्हाही हेच ऐकवलं, आणि नवऱ्याच्या, तालांतच्या घरी नेऊन सोडलं. वर त्याच्याकडे पोटभर जेवून आलो.

१७ फेब्रुवारी

आज घरातल्या भांडणाचा धडा. मी दारुडा नवरा, एक पोलीस मुलगी माझी बायको झाली होती. झूरा सगळ्यांना सांगत होती, दारातून आत गेलात की बाई काय बोलते ते ऐका, पण डोळे तिच्या गळ्यावर आणि दंडावर ठेवा. पडलेल्या माणसाला गुडघ्याला लागतं, तळहाताला, कोपराला लागतं. दंडाच्या आतल्या बाजूला चार बोटांचे वळ पडल्यामुळे उठत नाहीत. उकाड्यात कुणी गळा झाकून बसलं असेल तर का, ते विचारा. एकटीला विचारा.

मी संवाद विसरलो. चाळीस वर्षांत एकदाही विसरलो नव्हतो. ती मुलगी हळूच मला वाक्य सुचवत होती आणि मी खांबासारखा उभा.

वर्ग सुटल्यावर झूराने मला थांबवून घेतलं. "बाइके, कोण?" मी म्हटलं, माझी लेक. तिने उपदेश केला नाही. सोमवारी ठाण्यात आणा, मी शेजारी बसेन, म्हणाली. मग माझ्याकडे रोखून पाहत म्हणाली, "आणि तुम्ही त्याच्या घरी जायचं नाही. शब्द द्या."

दिला.

२० फेब्रुवारी

अनाराने तक्रार दिली. तीन तास लागले. झूरा पूर्ण वेळ शेजारी बसली, तिच्या वतीने एक शब्द बोलली नाही, फक्त दोनदा चहा आणला. लिहून घेणाऱ्याने "किरकोळ वाद" असं लिहिलं तेव्हा मात्र तिने बोट ठेवलं आणि त्याने ते खोडलं. तालांतला लेखी बजावलंय — तीस दिवस अनाराजवळ फिरकायचं नाही. ती माझ्याकडे राहायला आली.

घरी आल्यावर मी अनाराची माफी मागितली. दगडाबद्दल. त्या जेवणाबद्दलही. ती म्हणाली, "अता, उशिरा मागितलीत." पण मग चहा ओतताना माझ्या कपात तिने साय घातली.

२२ फेब्रुवारी

आज एल्दियारने माझं मनगट धरलं! पहिल्यांदा! मी वाकलो, गुडघ्यावर आलो, आता चाकू सुटणार, इतक्यात माझ्या डोक्यावरचा कल्पक, पांढऱ्या नमद्याची ती उंच टोपी, घसरला. आणि या गाढवाने माझं मनगट सोडून दोन्ही हातांनी तो झेलला. जमिनीला लागू दिला नाही! मी शांतपणे त्याच्या मानेवर लाल रेघ ओढली.

गंमत पुढेच आहे. झूराने विचारलं, चूक काय झाली? अकराच्या अकरा जण म्हणाले, चूक कसली? वडीलधाऱ्याची टोपी जमिनीवर पडू द्यायची का? खरं सांगायचं तर माझाही जीव त्या टोपीत अडकला होता. झेलली तेव्हा बरं वाटलं होतं.

झूरा वाद घालत बसली नाही. तिने त्यांना रांगेत उभं केलं आणि मला सांगितलं, प्रत्येकाच्या पुढ्यात कल्पक टाका. त्यांनी वाकायचं नाही. नुसतं बघायचं, तिने सांगेपर्यंत. मी टाकत गेलो. धिप्पाड गडी, थंडीत घामाघूम झाले. एकाचे हात आपोआप खाली जायला लागले म्हणून त्याने ते पाठीमागे बांधून घेतले. एल्दियारच्या पुढ्यात तो पांढरा नमदा धुळीत पडला होता आणि तो वाकला नाही. झूरा हलक्या आवाजात म्हणाली, "चाकू दूर गेला, माणसाला बेड्या पडल्या, जखमा तपासल्या की मग उचलायचा. झटकायचा. दोन्ही हातांनी डोक्यावर ठेवायचा आणि क्षमा मागायची. तेही कामच आहे. पण त्याची पाळी शेवटची."

दिग्दर्शक पुष्कळ पाहिले. माणसाच्या हाडात काय मुरलंय ते ओळखून, त्याचा अपमान न करता त्याला तिथून हलवणारा हा पहिलाच पाहिला.

२६ फेब्रुवारी, रविवार

एल्दियार सकाळीच घरी हजर. सरावाला. अंगणातलं बर्फ फावड्याने बाजूला केलं आणि सुरू झालो. पहिले दहा नेहमीसारखे — मेला. मी त्याला आमच्या धंद्यातली एक युक्ती सांगितली, दाढीकडे बघू नकोस, कोपराकडे बघ. कोपराला वय नसतं. विसाव्या खेपेला त्याने धरलं. तिसाव्याला पाडलं. चाळिसाव्याला माझी कंबर लचकली आणि मी शिव्या घातल्या, तर घाबरून झरझर पंधरा वेळा माफी मागितली.

अनारा पायरीवर उभी राहून हसत होती. कितीतरी महिन्यांनी. तिने आम्हा दोघांना भाकरी-लोणी दिलं आणि एल्दियारला म्हणाली, माझ्या बापाला पाडणारा अजून जन्मला नाही असं ते सांगत असतात, तेव्हा जरा जोरात पाड.

४ मार्च

पास झाला!

राजधानीहून तीन अधिकारी आले होते. मी मुद्दाम माझी सगळ्यात वाईट भूमिका केली: रडलो, त्याच्या आईचं नाव घेतलं, नातू म्हटलं, थरथरत पुढे पुढे सरकलो. त्याने अंतर सोडलं नाही. आपलं नाव सांगितलं, पोलीस म्हणून सांगितलं, काय करणार ते सांगितलं, वेळ दिला. मग धरलं. नेमकं हवं तेवढं, रतीभर जास्त नाही. कल्पक पडला, दूर घरंगळत गेला, त्याने तिकडे पाहिलंसुद्धा नाही. चाकू सुटला तशी पकड ढिली. कुशीवर वळवलं, बेड्या घातल्या, कुठे दुखतंय विचारलं. मग उठून टोपी आणली आणि वाकून माझ्या डोक्यावर ठेवली.

त्याने लिहिलेलं पानही झूराने फाडलं नाही. घडी घालून फाइलीत ठेवलं.

मला रडू आलं. हवं तेव्हा रडणं हा माझा धंदा आहे, पण आजचं न बोलावता आलं. नेमणूक आमच्याच ठाण्यात झाली आहे, गस्तीवर.

११ मार्च

तालांत दुपारभर रस्त्यापलीकडे गाडीत बसून होता. अनाराने फोन केला, एल्दियार आला. बोटसुद्धा लावलं नाही. खिडकीशी वाकून दहा मिनिटं बोलला, बजावलेला कागद दाखवला, वेळ लिहून घेतली. तालांत निघून गेला. मी पडद्याआडून पाहत होतो. त्याचे पाय कुठे होते, हात कुठे होते, सगळं अचूक! मनात टाळ्या वाजवल्या.

१९ मार्च

परवा नूरूझ, नव्या वर्षाचा सण. अनाराने अंकुर आणायला गहू भिजवलेत. शेजाऱ्याने मेंढीची मांडी पाठवली आहे.

तालांतचे आज चौदा फोन. काय काय लिहून पाठवलंय ते अनाराच्या नकळत वाचलं. ते इथे उतरवून घेणार नाही, ही वही घरात राहते. तीस दिवस उद्यापरवा संपतील. झूरा म्हणते, मुदत वाढवायचा अर्ज गेलाय, शांत राहा. मी शांत आहे. सुऱ्या परजून ठेवल्या. मांस कापायला लागतीलच.

२४ मार्च

डाव्या हाताने लिहितोय. नूरूझच्या दुपारी तालांत कुंपणावरून आत आला आणि अनाराचे केस धरले. मी मांस कापत होतो. सुरीसकट धावलो. त्याने तिला सोडलं, पळाला, गोठ्यापाशी पडला. तोंडावर हात घेऊन पडून होता, अनारा ओरडत होती "अता, नको", आणि मी थांबलो नाही. हे लिहून ठेवायलाच हवं. तो पडलेला होता आणि मी थांबलो नाही.

अनाराने बोलावलेली गस्तीची गाडी फाटकात होती. "अता, मी एल्दियार. पोलीस. सुरी टाका. नाहीतर मी तुमचा हात धरणार आहे." ऐकू आलं. टाकली नाही. त्याने धरला. म्हातारं हाड, मनगट मोडलं. तालांतला त्याने त्याच्या गुन्ह्याच्या बेड्या घातल्या, मला माझ्या गुन्ह्याच्या. मग स्वतःच्या दंडुक्याची फळी करून माझा हात बांधला आणि दवाखान्यापर्यंत तो मांडीवर धरून बसला.

आज सरकारी वकिलाच्या कचेरीतला माणूस आला. पोलिसाने बळ वापरलं की ज्याच्यावर वापरलं त्यालाही विचारतात. माझ्यावर खटला होईल, ते वेगळं. कागदावर एक रकाना होता: बळ वापरलं नसतं तर काय घडलं असतं? अनारा म्हणाली, मी सांगते तसं लिहा, म्हणजे खटला हलका होईल. मी स्वतःच लिहिलं, डाव्या हाताने, अर्धा तास लागला. माझ्या लेकीसमोर मी एक माणूस मारला असता.